टिंबासकट

"फॉर्मेट मारा लागते, चाचा. दुसरा इलाज नाही," मनोजनं तो काळा डबा उलटा करून पाहिला आणि काउंटरवर ठेवला.

"फॉर्मेट मारल्यावर आतलं राह्यते का?" नासिरभाईंनी विचारलं.

"आतलं जाते. पन डबा नव्यासारखा होते."

"मले डबा नवा नाही पाह्यजे, बाबू. आतलं जुनं पाह्यजे."

मनोज वाईट माणूस नव्हता. अकोल्यात बारा वर्षं लॅपटॉप आणि कॅमेरे दुरुस्त करत होता, आणि जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगण्याइतका सरळ होता. "याच्यात लिनक्स हाय," तो म्हणाला. "याले हात लावनारा माह्या ओळखीत कोनी नाही. नागपूरले पाठवून पाहू म्हनान तं पाठवतो. पन ते बी पह्यले फॉर्मेटच म्हनतीन."

नासिरभाईंनी डबा पुन्हा टॉवेलात गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि ती पिशवी पोटाशी धरून ऑटोत बसले. अकोट फैलातल्या घरापर्यंत रस्त्यात जितके खड्डे आले तितक्या वेळा त्यांचा हात पिशवीच्या तळाशी गेला.

नासिरभाई टेलिफोन खात्यात केबल जोडणारे होते. चौतीस वर्षं रस्त्याकडेच्या खड्ड्यात उकिडवं बसून केसाएवढ्या तारा रंग ओळखून एकमेकींना जोडल्या, आणि कुणाची तरी लेक कुणाच्या तरी कानाशी बोलू लागली की वर येऊन चहा प्यायचा, असं त्यांचं आयुष्य. त्यांचं नाव कधी कुठल्या बातमीत आलं नाही. नाव होतं ते त्यांच्या बायकोचं, आणि तेही फक्त आंधळ्या पोरांमध्ये.

सितारा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. अकरा वर्षांपूर्वी एका सहकारी बाईंबरोबर ती अमरावतीच्या अंध मुलांच्या वसतिगृहात गेली. तिथं एका मुलीनं तिला विचारलं, "बाई, ब्रेलची पुस्तकं येईपर्यंत अर्धं साल निघून जाते. तवरिक आमी काय करावं?" त्या रविवारी सितारानं मधल्या खोलीच्या खिडकीला गोधडी टांगली, नासिरभाईंच्या फोनसमोर बसली आणि नववीचं विज्ञान पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आकृतीखालच्या ओळी, तळटीपा, स्वाध्यायातल्या रिकाम्या जागा, सगळं. "रिकामी जागा" हे शब्दसुद्धा ती वाचायची.

तेव्हापासून दोनशेच्या वर पुस्तकं झाली. वाचायचं तिनं, आणि कापणं, जोडणं, धड्यांना नावं देणं नासिरभाईंनी. सुरुवातीला पेनड्राइव्ह पाकिटात घालून ते एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायचे. पुढं निवृत्त झाल्यावर त्यांनी हा डबा आणला. पावाच्या लादीएवढा, आत दोन डिस्का, समोर एक हिरवा दिवा. घरातल्या इंटरनेटला जोडला की अमरावतीतली मुलं तिथूनच आपल्या फोनवर धडे ऐकायची. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं हे सगळं व्हिडिओ पाहून, वहीत लिहून घेऊन शिकलं होतं.

चौदा महिन्यांपूर्वी सिताराच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव वाचला. आवाज गेला. आता ती गळ्याशी पांढरा रुमाल बांधायची आणि बोलायचं असलं की वहीत लिहायची. तिचा आवाज आता फक्त त्या डब्यात होता. तो घरात लावून ऐकायचा नाही, हे दोघांनी कधीही न बोलता ठरवलं होतं.

आणि तीन दिवसांपूर्वी नासिरभाईंनी एक बटण दाबलं. फोनवर उघडणाऱ्या डब्याच्या पानावर कित्येक महिने एक लाल ठिपका यायचा. नव्या सुधारणा आल्या आहेत, घ्या. काम बाकी ठेवायची नासिरभाईंना सवय नव्हती. त्यांनी बटण दाबलं, काम अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. परत आली तेव्हा हिरवा दिवा लागला, पण डब्याचं पान काही उघडेना.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहातल्या दामिनीचा फोन आला. बारावीला होती. "चाचा, इतिहासाचा सातवा धडा लागून नाही राहिला. कोनताच नाही लागत. बारा दिवसावर पेपर हाय."

"पाह्यतो बेटा," एवढंच ते म्हणाले. सिताराला काही सांगितलं नाही. तिचा आवाज आपल्या हातानं गेला, हे ते तिला कसं सांगणार होते?

मनोजच्या दुकानातून आल्यावर त्यांनी दामिनीला फोन लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "चाचा, आमच्या शाळेचे एक दादा हायेत. अंकुरदादा. आता मोर्शीले राह्यतात, घरूनच पुन्याच्या कंपनीचं काम करतात. मोठमोठ्या मशिनी सांभाळतात म्हने. नंबर देऊ?"

अंकुरनं फोन दुसऱ्या रिंगला उचलला. सगळं ऐकून घेतलं. "चाचा, फॉर्मेट नाही मारला ना?"

"नाही."

"लय चांगलं केलं. आता तो डबा टीव्हीले जोडा, कीबोर्ड लावा. आन् लाइटचा भरवसा नाही, तं पह्यले सारं इन्व्हर्टरवर घ्या. उद्या अकरा वाजता बसू."

दुसऱ्या दिवशी सितारा सकाळीच बार्शीटाकळीला भावाकडे गेली. नासिरभाईंनी टीव्हीच्या मागं वायर खोचली. काळा पडदा, त्यावर पांढरी बारीक अक्षरं. अकरा वाजता त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"इंग्रजीत बरंच काही लिहून आलं, बाबू. फोटो काढून पाठवू का?"

"फोटो नका पाठवू, चाचा. मले दिसत नाही."

नासिरभाई थबकले. शाळा अंधांची, म्हणजे दादाही तसाच असणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"फोटोतलं वाचनारं ॲप हाय माह्याजवळ," अंकुर सहज म्हणाला. "पन ते टीव्हीवरचे टिंबं खाते, रेघा खाते. आन् या कामात टिंबच महत्त्वाचं. तुमी वाचा. जे दिसते ते सगळं वाचा. समजत नाही म्हनून काही सोडू नका."

"माही इंग्रजी कच्ची हाय."

"एकएक अक्षर वाचा. मले घाई नाही."

त्यांनी अंकुरनं सांगितलेली ओळ टाइप केली. एस, यू, डी, ओ, मग जागा, मग डी, पी, के, जी. एंटर दाबलं. टीव्हीवर तीन ओळी उमटल्या. नासिरभाई चष्मा वर-खाली करत वाचू लागले. "ई, डबल आर, ओ, आर. एरर. मंग दोन टिंबं, एकाखाली एक. मंग पार्सिंग... फाइल..." एका ओळीला पाच मिनिटं लागली. चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे आवाज जोडले होते, पण कुणासाठी मोठ्यानं वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. घसा कोरडा पडला. सितारा अर्ध्या तासानं पाणी प्यायची, ते का, ते आज कळलं.

"बस," अंकुर म्हणाला. "समजलं. चाचा, तुमच्या किताबा सलामत हायेत."

नासिरभाई सोफ्याच्या काठावर बसले.

"खरंच?"

"किताबा वेगळ्या डिस्कवर हायेत, त्याले काहीच झालं नाही. बिघडला तो पॅकेज मॅनेजर. म्हनजे डब्यात कोनता प्रोग्राम बसवला, कोनाले कोनाची गरज हाय, हे सारं लिहून ठेवनारा कारकून समजा. त्याची एक वही असते. लाइट गेली तवा तो वहीत लिहूनच राहिला होता. मधलं पान फाटलं. आता वही वाचता येत नाही, तं तो कोनतंच काम करत नाही."

हे मात्र नासिरभाईंना पटकन समजलं. टेलिफोन खात्यातही रजिस्टर असायचं, कुठल्या खांबावरून कुठल्या घराची तारांची जोडी गेली त्याचं. एकदा पुराच्या पाण्यात ते भिजलं होतं. तारा सगळ्या जागेवर, पण कोणती कुणाची ते सांगायला कुणी नाही. "मंग आमी जुन्या रजिस्टरवरून नवं उतरवून घेतलं होतं," ते म्हणाले.

"तेच करायचं हाय," अंकुर हसला. "त्या वहीच्या जुन्या नकला डब्यात असतात. पाहू कोनती चांगली हाय."

त्यांनी पुढची ओळ टाइप केली. टीव्हीवर फायलींची लांबलचक यादी आली. नेमकी त्याच वेळी दाराची कडी वाजली.

भावाच्या घरी पाहुणे यायचे होते ते आले नाहीत, म्हणून सितारा दुपारच्या आत परतली होती. तिनं चपला काढल्या आणि टीव्हीकडे पाहिलं. मग वायरीकडे, टॉवेलावर ठेवलेल्या डब्याकडे, शेवटी नवऱ्याकडे.

"सितारा," नासिरभाई उभे राहिले. "माह्या हातून चूक झाली. चार दिवस झाले. तुले सांगायची हिंमत नाही झाली."

सितारानं पिशवीतून वही काढली आणि उभ्यानंच लिहिलं. "चार दिवसांपासून तुम्ही भाजीत मीठ आहे की नाही तेही सांगत नाही. मला कळत नाही का? फोनवर कोण आहे?"

"अंकुर. अमरावतीच्या शाळेतला. तुह्या किताबा ऐकून शिकला. दिसत नाही त्याले, म्हनून मी वाचून राहिलो."

सितारानं पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून टीव्हीजवळ बसली.

"चाचा," अंकुर हळूच म्हणाला, "यादीत स्टेटस-ओल्ड नावाची फाइल पाहा, तेच वहीची जुनी नकल. तिच्याआधी तिच्या साइजचा आकडा असन. तो वाचा."

नासिरभाईंनी डोळे बारीक केले. "सहा आकडे हायेत. सात, चार, एक..."

"मंग मोठी हाय. तेच उतरवून घेऊ. लिहा आता, सी, पी..."

टीव्हीच्या काचेवर नखाचा आवाज झाला. सितारानं एका ओळीवर बोट ठेवलं होतं. पहिलीतल्या मुलाला शिकवताना ठेवतात तसं, अक्षराच्या बरोबर खाली. नासिरभाईंनी वरच्या ओळीचा आकडा वाचला होता. स्टेटस-ओल्डच्या आधी होतं एक शून्य.

"थांब बाबू. चुकलं. शून्य हाय."

पलीकडून अंकुरनं श्वास सोडला. "बरं झालं वाचलं. कोरी वही ठेवली असती तं डब्याले वाटलं असतं का आपल्यात काहीच नाही. आनखी घोळ वाढला असता. आता बॅकअप्स नावाच्या फोल्डरात पाहू."

त्यापुढं नासिरभाई एकटे वाचत नव्हते. सिताराचं बोट काचेवरून डावीकडून उजवीकडे सरकायचं, ते जिथं थांबेल तिथं ते थांबायचे, जिथं टिंब असेल तिथं ती एकदा टिचकी मारायची आणि ते "टिंब" म्हणायचे. ती मधेच त्यांच्याकडे पाहून तळहात खाली दाबायची, म्हणजे सावकाश. वाक्याच्या शेवटी आवाज पडला की भुवई वर करायची. चार ओळींतच अंकुरच्या ते लक्षात आलं असावं. तो म्हणाला, "चाचा, आता चांगलं वाचून राहिले तुमी."

बॅकअपमधली नकल चांगली निघाली. लाइट गेली त्याच्या दोन दिवस आधीची. ती जागेवर ठेवली आणि अंकुरनं मघाचाच पहिला हुकूम पुन्हा द्यायला सांगितला. या वेळी एरर आली नाही. पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. नासिरभाईंनी नकळत सिताराचा हात धरला.

मग ओळी थांबल्या. खाली एक प्रश्न आला आणि त्याच्यापुढं चौकट लुकलुकू लागली.

"वाय की एन विचारून राहिलं. वाय दाबू? वाय म्हनजे हो ना?"

"काहीच दाबू नका," अंकुरचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आधी काय विचारते ते पूर्ण वाचा. वरून."

सितारानं बोट वर नेलं. अकरा ओळी होत्या. नासिरभाईंनी त्या अकराही वाचल्या, टिंबासकट. तुमची जुनी सेटिंगची फाइल बदलून नवीन ठेवू का, असा तो प्रश्न होता. त्या जुन्या फाइलीतच होतं कोणतं पुस्तक कुणाला दिसावं, वसतिगृहाची मुलं कुठून आत यावीत, नासिरभाईंनी सहा वर्षांत वहीत लिहून लिहून जुळवलेलं सगळं.

"एन दाबा," अंकुर म्हणाला. "आपलं जुनंच राहू द्या."

त्यांनी एन दाबलं. ओळी पुन्हा चालू झाल्या. त्यानंतर आणखी एक हुकूम, राहिलेलं नीट जोडून घेण्यासाठी. त्याला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात सितारानं चहा केला. नासिरभाई मात्र टीव्हीसमोरून उठले नाहीत. शेवटी एकच चौकट उरली, शांतपणे लुकलुकणारी.

"काही लिहून नाही आलं," ते म्हणाले.

"काही लिहून नाही येत तवाच ते बरं झालेलं असते. आता एकदा बंद करून चालू करा. मी इथून पाह्यतो."

डबा बंद झाला, चालू झाला, हिरवा दिवा लागला. फोनवर मिनिटभर फक्त अंकुरच्या कीबोर्डची टकटक ऐकू आली. आणि मग मोर्शीहून, फोनच्या त्या बारीक स्पीकरमधून, एका बाईचा स्वच्छ आवाज आला.

"इयत्ता दहावी. भूगोल. पान क्रमांक सत्तावीस. नकाशाखालील मजकूर वाचते."

नासिरभाईंचा हात फोनकडे गेला. बंद करावा की राहू द्यावा, त्यांना कळेना. त्यांनी सिताराकडे पाहिलं. ती चहाचा कप हातात धरून उभी होती. तिनं मान हलवली. राहू द्या.

आवाज पुढं वाचत गेला. नद्या, खोरी, पर्जन्यमान. मधेच मागून एका भाजीवाल्याची लांब आरोळी ऐकू आली आणि आवाज म्हणाला, "थांबा हं, मेथीवाला जाऊ दे."

अंकुरनं तिथं थांबवलं. "हेच शोधून राहिलो होतो," तो म्हणाला. "माफ करा चाचा, इतिहासाचा लावा लागत होता, पन हे मन झालं. हा मेथीवाला आमच्या सगळ्या पोराईले पाठ होता. दहावीले असताना मी शाळा सोडून घरी चाललो होतो. मंग हे भेटलं. बाकी लोकं आमाले वाचून दाखवत तं अर्धं सोडून देत, का यायले काय समजनार. मॅडमनं नकाशाखालचं बी नाही सोडलं."

नासिरभाईंनी फोन जवळ ओढला. "बाबू, तुहे उपकार कसे फेडू, मले समजत नाही. मी तं हे मिटवूनच टाकलं होतं."

"चाचा, उपकार-गिपकार राहू द्या. दामिनीले फोन करा, का सातवा धडा लागून राहिला. आन् आजच एक मोठी डिस्क आना, सगळ्याची नकल करून ठेवू. मी सांगतो कशी करायची." तो थोडा अडखळला. "मॅडम तिथं हायेत का?"

"हाव. बाजूलेच उभी हाय. पन बाबू, तिले..."

"माहीत हाय मले. दामिनीनं सांगितलं. म्हनूनच त्यायच्याशी काही बोललो नाही मघापासून. फक्त नमस्कार सांगा."

सितारानं कप ठेवला. वही घेतली, खुर्चीवर बसली आणि लिहू लागली. नेहमीसारखं घाईत नाही, मुलांच्या वहीत शेरा लिहायची तशा अक्षरात. मग तिनं वही नवऱ्यासमोर धरली आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

नासिरभाईंनी सावकाश वाचलं. "दहावीला भूगोलात किती मिळाले?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सव्वीस वर्षांचा, मोठमोठ्या मशिनी सांभाळणारा अंकुर उभा राहिला असावा.

"एक्क्याऐंशी, मॅडम."

सितारानं एकच शब्द लिहिला. तिनं बोट ठेवलं आणि नासिरभाईंनी वाचला.

"छान."

फोन कुणीच ठेवला नाही. मोर्शीत अंकुरच्या घरामागं संत्र्याच्या पेट्या ठोकायचं काम चाललं होतं. एकामागून एक हातोड्याचे घाव अकोट फैलातल्या त्या खोलीत ऐकू येत होते, आणि तिघंही ते ऐकत बसले होते.